सोलापुरात राहून व्यवसाय व तंत्रशिक्षणात पीएच.डी. : सुरुवात कुठून करायची

विद्यापीठाच्या पेटची, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेची जाहिरात निघाली की ठरावीक मंडळींचे फोन सुरू होतात. आयटीआयतले शिल्पनिदेशक, पॉलिटेक्निकचे अधिव्याख्याते, अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमावरचे शिक्षक, एखाद्या कौशल्य केंद्रातल्या मॅडम. प्रश्न एकच असतो: "आपल्या क्षेत्रात पीएच.डी. असते का हो?"

असते, पण त्या नावाची पाटी लावलेला विभाग आपल्याकडे शोधून सापडणार नाही. अमेरिकेत या विषयाचे स्वतंत्र डॉक्टरेट अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या तरी विषयाच्या छत्राखाली नोंदणी करावी लागते आणि व्यवसायशिक्षण हा त्यातला संशोधनाचा प्रश्न असतो. हे आधी कळलं की पुढचा बराच गोंधळ वाचतो, कारण कुठल्या छत्राखाली जायचं यावर पात्रता, परीक्षा, गाईड आणि प्रबंधाची भाषा हे सगळं ठरतं.

आधी विद्याशाखा ठरवा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार विद्यापीठांत चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. शिक्षणशास्त्र यातल्या चौथ्या शाखेत येतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ 2004 साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालं. जिल्ह्याबाहेरची विद्यापीठंही तुम्हाला खुली आहेत, पण नोकरी सांभाळून करायचं तर सोलापूर विद्यापीठाचं केगाव जवळ पडतं.

एकच विषय तीन शाखांत कसा वेगळा होतो ते पाहा. समजा तुम्हाला आयटीआयच्या शिकाऊ उमेदवारीवर काम करायचंय. शिक्षणशास्त्रात गेलात तर प्रश्न असेल, कारखान्यात मुलगा शिकतो कसा, त्याला शिकवतं कोण, आयटीआयतल्या प्रात्यक्षिकाशी त्याचा मेळ बसतो का. वाणिज्य व व्यवस्थापनात गेलात तर कारखानदार शिकाऊ उमेदवार का घेतो, त्याला ते परवडतं का, कायम किती जण होतात. समाजशास्त्रात गेलात तर कुठल्या घरातली पोरं या वाटेला येतात आणि कुठल्या घरातली येत नाहीत. तिन्ही प्रश्न चांगले आहेत. पण पहिल्यासाठी वर्गात बसून निरीक्षण करता आलं पाहिजे, दुसऱ्यासाठी हिशेबाच्या वह्या वाचता आल्या पाहिजेत आणि तिसऱ्यासाठी लोकांच्या घरी जाऊन बसायची तयारी पाहिजे. आपल्याला काय जमतं ते बघून शाखा निवडा.

अभियांत्रिकीतून एम.ई. किंवा एम.टेक. केलेल्यांना वाटतं की आपल्याच शाखेत राहून अध्यापनावर संशोधन करावं. होतं तसं, पण समितीसमोर "यात अभियांत्रिकी कुठं आहे?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर तयार नसेल तर तिकडे जाऊ नका.

पात्रता, आणि निदेशकांची अडचण

सध्या लागू आहेत ते यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नोव्हेंबर 2022 चे नियम. पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना 5 टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी झालेल्यांनाही आता थेट दार उघडं आहे.

शिल्पनिदेशकांचं घोडं इथंच अडतं. अनेकांकडे डिप्लोमा आणि सीआयटीएस हे निदेशक-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असतं, वीस-वीस वर्षांचा अनुभव असतो, हात सोन्याचा असतो, पण नियमाला तो हात दिसत नाही. पदवी आणि मग पदव्युत्तर पदवी, ही वाट चालावीच लागते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूतून नोकरी करत हे टप्पे पूर्ण करता येतात. पीएच.डी. मात्र दूरशिक्षणाने चालत नाही, त्यामुळे "घरबसल्या डॉक्टरेट" असं कुणी सांगत असेल तर चहाचे पैसे देऊन उठा.

एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि एम.एड. यांपैकी काय घ्यावं, हा पुढचा प्रश्न. एम.एड.ला आधी बी.एड. लागतं. पुढे शिक्षणशास्त्र महाविद्यालयात नोकरी करायची नसेल आणि ओढ फक्त संशोधनाची असेल, तर एम.ए. माझ्या मते सरळ पडतं. फॉर्म भरण्याआधी ज्या विद्यापीठात जायचंय तिथल्या पात्रतेच्या यादीत तुमच्या पदवीचं नाव शब्दशः आहे का, तेवढं तपासा.

प्रश्न शोधणं

इथं घाई करू नका. चार महिने लागले तर लागू द्या.

नवखा संशोधक बहुधा असा विषय घेऊन येतो: "सोलापूर जिल्ह्यातील कौशल्य शिक्षणाचा चिकित्सक अभ्यास". जिल्ह्यात 11 तालुके आहेत, प्रत्येक तालुक्यात सरकारी-खाजगी आयटीआय, वर पॉलिटेक्निक, अल्पमुदतीची केंद्रं. एवढ्याचा चिकित्सक अभ्यास एका माणसाच्या हातून होत नाही. झालाच तर तो चिकित्सक नसतो.

विषय लहान करायचा तर आधी तुम्हाला रोज खटकणारी गोष्ट पकडा. सोलापुरात अशा गोष्टींना तोटा नाही. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं हे शहर, पण यंत्रमागावरचं काम शिकवणारी खरी शाळा म्हणजे मागाच्या शेजारची जागा. कांडी भरण्यापासून सुरुवात करून माणूस मागावर येतो आणि त्यातला एखादा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर होतो. हे शिक्षण कुठल्याच कागदावर नाही. उलट कागदावर नीट असलेला दोन वर्षांचा फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा पुण्याची गाडी पकडतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे वळत नाही. का वळत नाही? पगार, धूळ, लग्नाच्या बाजारात यंत्रमागाला असलेली किंमत, की शिकलेलं तिथं कामालाच येत नाही? यातला एक धागा उचला आणि बाकीचे तीन सोडून द्या.

मला रस वाटेल असे काही विषय: जॉबरचं न लिहिलेलं कौशल्य आणि पूर्वानुभवाला मान्यता देऊन मिळणारं प्रमाणपत्र यांतली दरी. तयार गणवेशांच्या कारखान्यांत शिलाई शिकलेल्या बायका आणि त्यांच्यापर्यंत न पोचलेली बढती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने शाळेतच व्यवसायशिक्षणाची ओळख करून द्यायला सांगितलं. ते दक्षिण सोलापूरच्या एखाद्या कन्नड माध्यमाच्या शाळेत प्रत्यक्षात कसं दिसतं? सांगोला-पंढरपूर पट्ट्यातल्या डाळिंबाच्या बागांत छाटणी करणारे कामगार छाटणी कुणाकडून शिकतात? केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यामुळे शेवटच्या विषयाला शास्त्रीय बाजू समजावून सांगणारी माणसंही हाताशी आहेत.

विषय सापडला की तो तीन ओळींत लिहा: कोणाचा अभ्यास, कुठे, आणि नेमकं काय कळून घ्यायचंय. तीन ओळींत बसत नसेल तर अजून मोठा आहे. "परिणामकारकता" हा शब्द शीर्षकात आला असेल तर स्वतःलाच विचारा, परिणाम मोजणार कशाने? उत्तर फक्त "प्रश्नावलीने" असेल तर पुन्हा बसा.

गाईड

गाईड मिळणं हे आपल्याकडे लग्न जमण्यासारखं आहे. यादी मोठी असते, पण जागा रिकामी असलेला, विषयात रस असलेला आणि फोन उचलणारा माणूस एकाच ठिकाणी सापडेलच असं नाही. एका वेळी प्राध्यापकाला 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची मार्गदर्शकांची यादी काढा, रिक्त जागा पाहा, आणि त्यांच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर उघडून वाचा. प्रस्तावना नको, निष्कर्षांचं प्रकरण वाचा. गाईड विद्यार्थ्याकडून किती काम करून घेतो ते तिथं कळतं.

आपल्या विषयात सह-मार्गदर्शकाची सोय फार उपयोगी पडते. मुख्य गाईड शिक्षणशास्त्राचे आणि सह-मार्गदर्शक वस्त्रतंत्र, व्यवस्थापन किंवा कृषीचे, अशी जोडी नियमात बसते. पहिल्या भेटीला जाताना बायोडेटाच्या जाडजूड फायलीऐवजी ते तीन ओळींचं पान न्या. आणि सरांच्या घरची कामं करण्याची अपेक्षा पहिल्याच महिन्यात दिसली तर नम्रपणे दुसरा गाईड शोधा. मधेच बदलण्यापेक्षा ते बरं.

प्रवेश

2024 पासून यूजीसीने नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) निकाल तीन गटांत लावायला सुरुवात केली: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह), सहायक प्राध्यापक व पीएच.डी., आणि फक्त पीएच.डी. नंतरच्या दोन गटांत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं. गुण एक वर्ष चालतात. विद्यापीठाची स्वतःची पेट असेल तर त्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. माझा सल्ला, दोन्ही द्या. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रासाठी होते. पहिल्या पेपरला 50 आणि दुसऱ्याला 100 प्रश्न, वेळ सलग तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

तंत्रशिक्षणातून आलेल्यांना शिक्षणशास्त्राचा पेपर परका वाटतो. शिक्षणाचं तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र यांवर जास्त वेळ द्या. संख्याशास्त्र तुम्हाला इतरांपेक्षा सोपं जाईल.

रजा, ना-हरकत आणि पैसा

नोकरी करत असाल तर अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: परवानगी आहे, कामातून संशोधनाला वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल. मोघम पत्र परत येतं. सरकारी कर्मचाऱ्यांनी अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे प्राचार्यांकडून वर, आणि जाहिरात निघायच्या आधीच टाकावा. फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला जो वेळ घेते, तो फॉर्मच्या शेवटच्या तारखेला माहीत नसतो.

पूर्णवेळ करणाऱ्यांसाठी जेआरएफ पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. यांच्या जाहिराती दरवर्षी वेळेवर येतीलच यावर घरखर्चाचं गणित मांडू नका. मुदतीचं म्हणाल तर किमान तीन वर्षं आणि कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन वर्षं मिळतात. शिवाय प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा घेता येते. ती मागायला संकोच करणाऱ्या मैत्रिणी पाहिल्यात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कोर्सवर्क

12 ते 16 क्रेडिट्स, किमान 55 टक्के गुण. संशोधन व प्रकाशन नैतिकतेचा पेपर यात असतो. हजर राहा, पास व्हा. खरा फायदा बाकावर शेजारी बसणाऱ्यांचा; पुढं सॉफ्टवेअर अडलं की तेच फोन उचलतात.

वाचायचं काय, कुठं

मराठीत या विषयावर फार कमी आहे, हे मान्य करून सुरुवात करा. इंग्रजीत शोधताना एकाच नावाने शोधू नका. अमेरिकन लेखन 2006 च्या पर्किन्स कायद्यानंतर "करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन" या नावाखाली आहे, ऑस्ट्रेलिया-युरोपातलं "व्होकेशनल एज्युकेशन अँड ट्रेनिंग" खाली, युनेस्कोचं "टीव्हेट" (तंत्र व व्यवसायशिक्षण आणि प्रशिक्षण) खाली. अमेरिकी शिक्षण खात्याचं "एरिक" आणि ऑस्ट्रेलियाचं "व्होकएड प्लस" ही दोन्ही भांडारं फुकट आहेत.

देशातलं बघायचं तर भोपाळ. एनसीईआरटीची पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था तिथं आहे आणि पॉलिटेक्निकच्या अध्यापकांना प्रशिक्षण देणारी एनआयटीटीटीआरही तिथंच, दोन्ही श्यामला हिल्सवर. कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून थेट भोपाळला जाते. दोन दिवस काढून एकदा जाऊन या, आधी पत्र पाठवून.

कायदेही वाचा: शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 आणि त्यातली 2014 ची दुरुस्ती. या विषयातल्या चर्चा बऱ्याचदा वर्तमानपत्री कात्रणांवर चालतात. मूळ कलम ज्याने वाचलंय त्याचं समितीत वजन पडतं.

माहिती गोळा करणं

यंत्रमागाच्या शेडमध्ये प्रश्नावली घेऊन गेलात तर काय होतं ते सांगतो. खडखडाटात समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कामगार मागापासून हलू शकत नाही, कारण पगार कामावर मोजला जातो. मग दिवाणजी म्हणतात, "ठेवून जा, भरून देतो." दुसऱ्या दिवशी सगळे फॉर्म एकाच पेनने, एकाच अक्षरात भरलेले मिळतात आणि सगळे कामगार सगळ्या बाबतीत "पूर्णतः सहमत" असतात. हे फॉर्म घरी नेऊन सॉफ्टवेअरमध्ये भरले तर तक्ते छान येतात. प्रबंध मात्र तिथंच संपला.

त्यापेक्षा पाळी सुटताना बाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटा. मालकाची परवानगी आधी घ्या, पण मालकासमोर मुलाखत घेऊ नका. जॉबरचं कौशल्य अभ्यासायचं असेल तर त्याला "तुम्ही काय करता?" असं विचारून उपयोग नाही, "करतो की दुरुस्त" एवढंच उत्तर मिळेल. माग बंद पडण्याची वाट पाहा. धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) सारखा बाहेर उडत असेल तेव्हा तो आधी कशाला हात लावतो, काय ऐकतो, कुठली वस्तू न बघता चाचपतो, हे क्रमाने टिपा आणि मग संध्याकाळी तीच टिपणं वाचून दाखवून विचारा, "असं का केलं?" तेव्हा तो बोलतो, आणि तुमची निम्मी चूक दुरुस्तही करतो.

शहराच्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. प्रश्नावली मराठीत छापली म्हणजे ती समजली असं नाही. भाषांतर करून घ्या आणि दुसऱ्या माणसाकडून ते परत मराठीत करून तपासा. गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात आणि नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाला दौरा ठेवू नका. कुणी भेटणार नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारचं फिरणंही वर्ज्य.

आयटीआयत काम करणार असाल तर दोन खबरदाऱ्या. तिथं चौदाव्या वर्षापासून प्रवेश मिळतो, म्हणजे बरीच मुलं अठराच्या आतली असतात; पालकांची लेखी संमती घ्या. आणि स्वतःच्या वर्गाकडून स्वतःच्या शिकवण्याबद्दल माहिती घेऊ नका. सत्रगुण ज्याच्या हातात आहेत त्याला कुठला पोरगा खरं सांगेल? फॉर्म सहकाऱ्याला भरून घ्यायला सांगा, नावाशिवाय.

न्यादर्शाबद्दल, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या माणसांच्या संख्येबद्दल एक गोष्ट. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत 384 हा आकडा भेटतो. तो क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या 1970 च्या तक्त्यातून येतो आणि तो दहा लाखांच्या जनसंख्येसाठी आहे. त्याच तक्त्यात 1000 माणसांसाठी 278 आणि 100 साठी 80 आहेत. तुमचे निदेशकच सगळे मिळून शंभर असतील तर 384 आणणार कुठून? आणि वीस जॉबरच्या खोल मुलाखती घेणार असाल तर या तक्त्याशी तुमचा संबंधच नाही. तसं आराखड्यात स्पष्ट लिहा.

समिती आणि लेखन

दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. काम झालं नसेल तरी जा. सलग गैरहजर राहणाऱ्याकडे समिती संशयाने बघते, अडलेल्याला मात्र मदत करते.

शिक्षणशास्त्रात प्रबंध मराठीत लिहिता येतो आणि क्षेत्रातली भाषा जपायची तर तसंच करावं असं मला वाटतं. पण पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली चारशे पानं शेवटी बदलताना जोडाक्षरं फुटतात आणि वाङ्मयचौर्य तपासणीचं सॉफ्टवेअर तो मजकूर वाचूच शकत नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार साम्य 10 टक्क्यांपर्यंत चालतं. 40 च्या वर गेलं तर वर्षभर प्रबंध देता येत नाही आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला मजकूर यात धरत नाहीत. टायपिंग करून देणाऱ्याला "जरा वाढवून द्या" असं कधीही सांगू नका.

2022 च्या नियमांनी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची देशपातळीवरची सक्ती काढली, पण विद्यापीठ आपली अट ठेवू शकतं, तेव्हा आधी विचारून घ्या. पैसे भरले की आठ दिवसांत छापणारी नियतकालिकं टाळा.

सबमिशन ते मौखिकी

समितीसमोर पूर्व-सादरीकरण, मग प्रबंध, मग विद्यापीठाबाहेरचे किमान दोन परीक्षक, मग खुली मौखिकी, म्हणजे तोंडी परीक्षा. नियमाप्रमाणे सबमिशननंतर सहा महिन्यांत हे सगळं व्हायला हवं. मौखिकीत तज्ज्ञ विचारतात ते बहुधा पद्धतीवर: हीच माणसं का निवडली, हेच साधन का. त्या दिवशी शेडमधल्या टिपणांची मूळ वही सोबत ठेवा. मौखिकी खुली असते, तेव्हा ज्या जॉबरनी वेळ दिला त्यांनाही बोलवा. पाळी सुटण्याची वेळ बघून तास ठरवता आला तर उत्तम.

पदवीची अधिसूचना निघाली की तिच्या चार साक्षांकित प्रती काढा, सेवापुस्तकात नोंदीसाठी लगेच अर्ज द्या आणि आवक क्रमांक लिहून घ्या.